वर्षातले साडेसदतीस दिवस

आज सकाळी आमच्या गच्चीवर चुलीवर बिबड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचा, घाटा रटरटत असताना, आखाजीसाठी (अक्षय्य तृतीयेसाठी) पुण्याहून आलेल्या माझ्या चुलतभावाने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला आणि माझ्या आयुष्याचा हिशेब मांडला. पाचोऱ्याच्या घरातून निघून जळगावला कामावर पोहोचायला दीड तास, परतायला दीड तास, असे दिवसाचे 3 तास, महिन्याचे 25 दिवस धरले तर 75, वर्षाचे 900. मग 900 ला 24 ने भागून दादा म्हणाला, "म्हणजे वर्षातले साडेसदतीस दिवस तू रेल्वेत राहतेस. फुकट."

त्याचा हिशेब चुकला असता तर मी हसून सोडून दिले असते. पण मी जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलचे हिशेब सांभाळते आणि त्याचा भागाकार बिनचूक होता. मला झोंबला तो शेवटचा शब्द, जो कॅल्क्युलेटरने दिलेला नव्हता. आणि त्याहूनही अधिक झोंबले ते हे, की तो आईसमोर उच्चारला गेला. आई तेव्हा ओल्या कापडावर बिबडा थापत होती. मध्यावर घाट्याचा गोळा ठेवायचा आणि बोटे पाण्यात बुडवत बुडवत त्याची कड बाहेर नेत जायचे, हे काम ती न बघताही करते. "फुकट" हा शब्द आला आणि तिचा हात थांबला. घाटा निवला की पसरत नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, तरीही ती थांबली. त्या बिबड्याची एक बाजू जाडच राहिली. काकूने विषय बदलण्यासाठी लहान मुलांना वाटीत गरम घाटा आणि वर तेल घालून दिले, सगळे हसले, आणि दादाला तर आपण काही बोललो याचा पत्ताही नव्हता.

इथल्या माझ्या मित्रयादीतले निम्मे लोक अप-डाऊन करूनच शिकलेले आणि नोकरीला लागलेले आहेत, त्यामुळे यातले फारसे काही मला समजावून सांगावे लागणार नाही. पण तास फुकट जाणे म्हणजे काय, हे मला खरोखर माहीत आहे. मी 2021 साली कामाला लागले तेव्हा करोनामुळे बंद झालेले रेल्वेचे पास अजून सुरू झालेले नव्हते, आणि त्याच दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल 2022 पर्यंत रेंगाळला. त्या काळात मी काळी-पिवळीत चार जणांच्या बाकावर सहावी म्हणून बसले आहे, शिरसोलीपर्यंत एक पाय अधांतरी ठेवून. तिथे शेजारच्या बाईचे नाव विचारण्याइतका श्वासही घेता येत नसे. त्या तासांना कोणी फुकट म्हणाले तर मी त्याच्या हातात हात देईन. पुढे जेव्हा पास हातात आला आणि महिलांच्या डब्यात खिडकीपाशी बसायला मिळाले, तेव्हा मला पगारवाढ मिळाल्यासारखे वाटले होते. (खरी पगारवाढ त्यानंतर दीड वर्षाने मिळाली, आणि तिचा आनंद तुलनेने कमीच होता.)

दादाला मी सकाळीच डब्याची गोष्ट सांगायला हवी होती. जमले नाही, कारण रागात मला गोष्टी सांगता येत नाहीत. म्हणून इथे लिहिते आहे.

माझा जेवणाचा डबा स्टीलचा, तीन पुडांचा आहे. झाकणावर आईचे नाव कोरलेले आहे आणि त्याखाली "मामांकडून भेट, 1994" असे आहे. गेल्या वर्षी जानेवारीच्या 20 तारखेला, म्हणजे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, गाडीत असतानाच मालकांचा फोन आला आणि मी फोन कानाला लावूनच जळगावला उतरले. डबा खिडकीजवळच्या हुकाला लटकत राहिला आणि गाडीबरोबर भुसावळला गेला. कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि मिरचीचा ठेचा होता त्यात. थंडीतले आमच्याकडचे भरीत म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहेच. पण मला भरितापेक्षा त्या झाकणाची चिंता होती. रात्री उशिराच्या गाडीने परतले आणि आईला सांगितले की डबा ऑफिसात राहिला. सत्ताविसाव्या वर्षीसुद्धा डब्यासाठी आईशी खोटे बोलावे लागते, हे कॅल्क्युलेटरवाल्यांनी कुठेतरी टिपून ठेवायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पाचोऱ्याला लागली तेव्हा चाळीसगावहून येणारी एक बाई दारातच उभी होती. भुसावळला रेल्वेच्या एका कार्यालयात काम करते. आमची ओळख म्हणजे तोवर फक्त "सरका थोडं" आणि "बसा ना" एवढीच. तिने मला डबा दिला नाही. आधी तिने मला बसवले, माझ्याकडे रोखून पाहिले आणि अहिराणीत सुनावले, "मीठ कमी व्हतं वं माय, तुनी मायले सांग." म्हणजे डबा त्यांनी खाल्ला होता, चार जणींनी वाटून, कारण संध्याकाळपर्यंत भरीत टिकले नसते. मग तिने पिशवीतून डबा काढला. घासलेला, पुसून कोरडा केलेला, आणि मधल्या पुडात वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेले भाजलेल्या बिबड्याचे चार तुकडे. मी म्हटले, अहो हे कशाला? त्यावर ती म्हणाली, "रिकामा डबा कसा देवाना, माय?"

आता या बाईचे जाण्यायेण्यात दिवसाचे जवळजवळ पाच तास जातात. दादाने तिचाही भागाकार करून बघावा.

आणि एवढ्यावर थांबायचे मला सकाळी जमले नव्हते, तर आत्ताही जमत नाही. माझा हा भाऊ राहतो धायरीला आणि नोकरी करतो हिंजवडीत. हेल्मेट घालून, तोंडाला रुमाल बांधून, पुढच्या कारचा धूर गिळत तो रोज किती वेळ रस्त्यावर असतो, हे तो स्वतःच मागच्या दिवाळीत रडत रडत सांगत होता. तेव्हा कोणी कॅल्क्युलेटर काढला नव्हता. उलट काकू कौतुकाने म्हणाली होती, "मोठ्या शहरात असंच असतं." म्हणजे तोच वेळ पुण्याच्या रस्त्यावर गेला की तो करिअरसाठी घेतलेले कष्ट, आणि परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली अशी स्थानके मोजत गेला की फुकट! मोठ्या शहरातल्या वेळेला जरा जास्त भाव आहे आणि आमच्याकडच्या वेळेला मोंढ्यातल्या शेवटच्या पोत्याचा, असे काही ठरले असेल तर तसे लेखी द्यावे, मी खतावणीत नोंद करीन.

हेच लोक पाचोरा-जामनेर पीजे रेल्वेचे जुने फोटो टाकून गहिवरतात, हे मला आणखी विशेष वाटते. 56 किलोमीटरची ती नॅरोगेज 2020 साली बंद पडली. ती इतकी हळू चालायची, की उतरून बोरे वेचून पुन्हा चढता येते असे आमचे आजोबा सांगायचे. तिच्यात गेलेला वेळ म्हणजे बालपण, आठवणी, वारसा. त्या वेळेला मात्र दादासुद्धा फुकट म्हणत नाही. फोटोखाली डोळ्यांत पाणी आलेले पिवळे तोंड टाकतो.

बरे, दमायला होते हे मी नाकारत नाही. या दिवसांत दुपारचे ऊन 43-44 अंशांवर गेलेले असते आणि संध्याकाळच्या गाडीत खिडकीच्या गजाला हात लावता येत नाही. गाडी उशिरा आली तर घरी पोहोचेपर्यंत नऊ वाजतात आणि मी भाकरी हातात धरून झोपते. सीएच्या इंटरचा अभ्यास सुटला. तो या तीन तासांमुळे सुटला असे म्हणण्याची सोय आहे आणि मी ते दोन-तीनदा म्हणालेही आहे. पण शेजारच्या बाकावर म्हसावदची एक मुलगी मांडीवर वही ठेवून, भोवती गवार निवडणे आणि भिशीचे पैसे मोजणे चालू असताना, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत असते, तेव्हा माझा अभ्यास सुटला तो माझ्यामुळेच.

आणि एका गोष्टीला माझ्याकडे उत्तर नाही. 22 जानेवारी 2025 रोजी परधाड्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची भीती पसरली, माणसे घाबरून खाली उतरली आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडली. परधाडे म्हणजे आमच्या रोजच्या वाटेवरचे, पाचोऱ्याच्या अगदी शेजारचे स्थानक. त्या संध्याकाळी गाड्या खोळंबल्या आणि मी जळगावच्या फलाटावर बसून आईला पुन्हा पुन्हा सांगत होते की मी गाडीत नाही, मी इथे आहे. तिला ते पटायला फार वेळ लागला. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या डब्यात परधाडे आले की बोलणे आपोआप थांबायचे. यावर दादा काही बोलला असता तर मी गप्प राहिले असते. पण त्याने आईची भीती मोजली नाही, माझे तास मोजले.

इथवर लिहून झाल्यावर मी पाणी प्यायला उठले आणि राग थोडा उतरला आहे, त्यामुळे हेही लिहिते. दादा वाईट नाही. मी बी.कॉम.ला असताना पहिला लॅपटॉप त्यानेच घेऊन दिला होता, आणि वडिलांचे जिनिंगमधले काम हंगामापुरतेच असते म्हणून दोन वर्षे माझी फीसुद्धा न बोलता भरली. त्याला वाटते की मी इथे अडकले आहे आणि मला ओढून काढले पाहिजे. प्रेमाने वाटते. संध्याकाळी उन्हे उतरल्यावर तो गच्चीवर आला, तेव्हा शेवटी मी त्याला डब्याची गोष्ट सांगितली. मीठ कमी असल्याच्या जागी तो मोठ्याने हसला. मग थोडा वेळ गप्प बसला आणि त्याने विचारले, "पण तिने तुझा डबा ओळखला कसा?" मी म्हटले, ज्या हुकाला मी रोज लटकवते त्याच हुकाला होता. तो म्हणाला, त्याच्या सोसायटीत समोरच्या दारात कोण राहते ते त्याला माहीत नाही. फक्त रात्री जेवण घेऊन येणारा मुलगा चुकून त्यांची बेल वाजवतो, तेवढाच संबंध. हे त्याने तक्रार म्हणून सांगितले नाही, त्यामुळे मीही संधी साधली नाही. हिंजवडीवर सकाळी म्हणायचे राहिलेले एक-दोन टोमणे होते, ते तसेच गिळले.

मला त्रास झाला तो खरा त्यानंतर. मी आणि आई वाळवणाची कापडे आवरत होतो. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "जळगावला खोली बघायची का तुला? आमच्यामुळे राहिलीस ना इथे?" चार वर्षांत तिने हे कधी विचारले नव्हते. पहाटे साडेचारला उठून ती भाकऱ्या थापते त्याला कोणी हिशेबात धरले नव्हते, आणि आज तिने स्वतःला एकदम उधारीच्या बाजूला नेऊन बसवले. खोलीचे भाडे परवडेल, मला माहीत आहे. पासापेक्षा बरेच जास्त पडेल, पण परवडेल. कदाचित पुढेमागे मी घेईनही. पण आईने तो प्रश्न असा, अपराध्यासारखा विचारावा, यासाठी ते साडेसदतीस दिवस कोणी मोजायला नको होते. मी तिला म्हटले, "नाही बघायची." तिने विचारले, "नक्की?" मी म्हटले, "आई, तो जाडा बिबडा उलटा, खालून ओला आहे." तिने उलटला.

डब्याचे आणखी एक सांगायचे राहिले. त्या दिवशी "मीठ कमी होते" हा निरोप मी आईला हसत हसत दिला, तर ती हसली नाही. "कोण बाई ती? काय माहीत तिला?" असे म्हणत दोन दिवस धुसफुसत होती, आणि तिसऱ्या दिवसापासून भरितात मीठ किंचित वाढले. माझ्या वडिलांनी तीस वर्षे सांगून जे झाले नव्हते, ते चाळीसगावच्या एका अनोळखी बाईच्या एका वाक्याने झाले. दोघी अजून एकमेकींना भेटलेल्या नाहीत.

आता साडेदहा वाजले आहेत, सकाळी पाचचा गजर लावला आहे. मघाशी पास बॅगेत आहे ना ते पाहायला गेले तर बॅगेत वर्तमानपत्रात बांधलेला एक पुडा सापडला. गेल्या रविवारी घातलेल्या, कडक वाळलेल्या बिबड्यांपैकी मोजून बारा आहेत. आई झोपली आहे, त्यामुळे हे कोणासाठी ते विचारले नाही. एकाचा कोपरा मोडून चाखून पाहिला. मीठ बरोबर आहे.