साईट कुणाची आहे, ते आधी सांगा ना!

‘ही साईट खरी आहे का हो?’ हा प्रश्न आमच्या ई-सेवा केंद्रात (गाव अजून ‘सेतू’च म्हणतं) हल्ली सातबाऱ्यापेक्षा जास्त येतो. विचारणारे अडाणी नसतात. मास्तर असतात, बँकेतून निवृत्त झालेले असतात. मोबाईल पुढे धरतात आणि म्हणतात, बघ रे जरा, पैसे भरू का नको.

मग वरून शहाणपण ऐकायला मिळतं : ‘नागरिकांनी सावध राहावं.’ अहो, राहतात की! पण साईट कुणाची आहे, तिथे काय काम होतं आणि त्याचे किती पैसे पडतात, हे साईट उघडल्या उघडल्या दिसलं पाहिजे. ते सांगायची जबाबदारी साईटच्या मालकाची आहे. आमच्याकडे सगळं उलटं. लोकांनीच गुप्तहेर व्हायचं.

नंबरप्लेटचंच घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, सक्तीची झाली. राज्याचे तीन झोन पाडले, तीन कंत्राटदार नेमले, तिघांच्या तीन साईट. सरळ रस्ता असा, की परिवहन विभागाच्या साईटवर जायचं (तिच्या पत्त्याच्या शेवटी ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ आहे), आपला आरटीओ निवडायचा, मग ती आपल्याला त्या झोनच्या साईटवर नेऊन सोडते. आणि तिथे पोचलं की पत्त्यातलं ‘गव्ह’ गायब! एका झोनचा पत्ता ‘एमएचएचएसआरपी डॉट कॉम’. असा पत्ता थोडेसे पैसे भरून कुणीही घेऊ शकतो, त्यासाठी सरकार असावं लागत नाही. व्हायचं तेच झालं. खोट्या साईट निघाल्या आणि त्यांच्यापासून जपा म्हणून विभागालाच सांगत बसावं लागलं. दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी, हा दर. पण तो दर ठाऊक नसलेला माणूस खरी आणि खोटी साईट शेजारी ठेवून ओळखणार तरी कशावरून? दोन्हीकडे तेच रंग, तोच गाडीचा फोटो, तोच ‘बुक करा’.

काही जण म्हणतात, वर कुलूप दिसतंय ना, मग खरी असणार. नाही हो! त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा मोबाईल आणि ती साईट यांच्यामधलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलंय, हे कुलूप सांगत नाही. भामट्यालाही ते फुकटात मिळतं. लोकांचा हा गैरसमज काही जाईना, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदलून टाकलं.

सातबाऱ्यात निराळी गंमत. भूलेख या जमिनीच्या नोंदींच्या साईटवर सातबारा फुकट बघता येतो, पण तो नुसता बघण्यापुरता, कायदेशीर कामाला चालत नाही. डिजिटल सहीचा हवा तर दुसरं पोर्टल, १५ रुपये. दोन्ही सरकारचीच, नावं जवळजवळ सारखी. म्हातारा शेतकरी फुकटवाल्याची प्रिंट घेऊन बँकेत जातो आणि हात हलवत परत येतो. ‘इथे फक्त बघा. बँकेसाठी हवा असेल तर तिकडे जा’ एवढी ओळ जाड अक्षरात सगळ्यात वर टाकली, तर त्याची खेप वाचेल. (अशा ओळी टाकल्या तर माझं गिऱ्हाईक कमी होईल, हे मला कळतं. होऊ दे.)

खासगी एजंटांच्या साईट तर विचारूच नका. वर भगवी-हिरवी पट्टी, राजमुद्रेसारखं काहीतरी गोल, लुकलुकणारं ‘त्वरित अर्ज करा’. अर्ज, आधार, ओटीपी सगळं देऊन झालं, पार तळाशी बोट पोचलं, की फिकट राखाडी बारीक अक्षरात : ‘आमचा शासनाशी संबंध नाही.’ एजंटगिरीला माझा विरोध नाही, मीही सेवेचे पैसे घेतोच. पण माझ्या दारावर पाटी आहे आणि आत दरपत्रक लावलेलं आहे. तुमची पाटी तळघरात का?

सरकारी साईट कशी असावी, याचे केंद्र सरकारचे लिखित नियम आहेत, २००९ पासून. साईट कोणत्या खात्याची ते ठळक दिसावं, हे त्यात आहेच. ‘गव्ह डॉट इन’ पत्ताही फक्त सरकारी यंत्रणांनाच मिळतो. म्हणजे हत्यार हातात आहे, पण कंत्राट दिलं की ते म्यानात जातं.

रिझर्व्ह बँकेने बघा काय केलं. बँकांच्या नावाने खोट्या साईट फार झाल्या, तेव्हा ‘बँक डॉट इन’ असा शेवट फक्त बँकांसाठी राखून ठेवला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे या, म्हणून सगळ्या बँकांना सांगितलं. आता मास्तरांना एकच गोष्ट सांगावी लागते : सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतर पहिली तिरकी रेघ येते ना, तिच्या लगेच आधी काय लिहिलंय ते बघा. तिथे ‘बँक डॉट इन’ असलं पाहिजे. नुसतं मधे कुठेतरी असून उपयोग नाही.

परिवहन विभागाला हे जमलं नसतं? कंत्राट देतानाच एक अट घालायची होती, की साईट आमच्याच ‘गव्ह डॉट इन’ पत्त्याखाली चालेल, वर आमच्या खात्याचं नाव, खाली तुमच्या कंपनीचं, आणि दर पहिल्याच पानावर मराठीत. पुढचं टेंडर निघेल तेव्हा तरी घाला म्हणावं.