‘फाइल चालू असताना एकट्याने गावी येऊ नका’: फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

गणपती जवळ आले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो: “ज्यांची अमेरिकेच्या ग्रीनकार्डची फाइल चालू आहे त्यांनी नवऱ्याला किंवा बायकोला तिकडे ठेवून एकट्याने गावी येऊ नये. देश सोडला की फाइल बंद. नवरा-बायको वेगळे राहिले की लग्न खोटं धरतात. यायचंच असेल तर ॲडव्हान्स परोल काढा, मग काही धोका नाही. कार्ड मिळालेल्यांनी वर्षातून एकदा तिकडे तोंड दाखवलं की पुरे. आणि बायको गावी असेल तर तिला टुरिस्ट व्हिसावर न्या, तिकडे गेल्यावर फाइल टाका.”

यातली पहिली दोन विधानं माणसाला विनाकारण अडवून ठेवतात आणि शेवटची तीन त्याला सरळ खड्ड्यात घालतात. एकीकडे आई अंथरुणाला खिळलेली असताना लेक भीतीपोटी येत नाही, दुसरीकडे ‘परोल आहे ना’ म्हणून बिनधास्त आलेला मुलगा परत जाऊ शकत नाही. म्हणून एकेक विधान घेऊ.

“देश सोडला की फाइल बंद”

कोणती फाइल, ते आधी विचारा. आपल्याकडे ‘फाइल’ या एकाच शब्दात अगदी वेगळे अर्ज कोंबलेले असतात.

आय-१३० हा नातं सिद्ध करायचा अर्ज. अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक तो आपल्या जोडीदारासाठी भरतो. भरणारा किती वेळा भारतात आला-गेला याचा त्या अर्जावर काहीच परिणाम होत नाही. बायको देवगडला, नवरा न्यू जर्सीत आणि आय-१३० प्रलंबित असेल, तर नवऱ्याने चतुर्थीला खुशाल यावं. ती भेट उलट पुढे पुरावा म्हणून कामाला येते.

आय-४८५ वेगळा. अमेरिकेत राहूनच ग्रीनकार्ड मागण्याचा हा अर्ज. तो प्रलंबित असताना आगाऊ परवानगीशिवाय, म्हणजे ॲडव्हान्स परोलशिवाय, देशाबाहेर पडलात तर तुम्ही अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. इथे संदेश खरा आहे, पण त्याला अपवाद आहे: एच-१बी, एल-१ हे नोकरीचे व्हिसा असणारे आणि एच-४, एल-२ वरची त्यांची कुटुंबं. यांनी आपला दर्जा सांभाळला असेल आणि त्याच प्रकारच्या वैध व्हिसावर ते परतणार असतील तर आय-४८५ शाबूत राहतो.

अडकतात ते ‘वैध व्हिसा’ या दोन शब्दांत. आय-७९७ वर, म्हणजे मंजुरीच्या पत्रावर, मुदतवाढ आहे म्हणजे व्हिसा आहे, असा अनेकांचा समज असतो. आय-७९७ तुम्हाला अमेरिकेत राहू देतो. परत आत जायला पासपोर्टवर चालू मुदतीचा स्टॅम्प लागतो, आणि तो संपला असेल तर मुंबईच्या बीकेसीतल्या वकिलातीची पायरी चढावी लागते. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट एच आणि एल व्हिसांसाठी जवळपास संपली. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायला सुरुवात झाली, तेव्हा हातात असलेल्या मुलाखतीच्या तारखासुद्धा महिनोन्महिने पुढे गेल्या. दहा दिवसांच्या रजेवर आलेल्या चाकरमान्याला हे परवडत नाही. तिकीट काढण्याआधी पासपोर्ट उघडा आणि स्टॅम्पची तारीख परतीच्या तारखेच्या पुढे आहे का ते बघा. नसेल आणि परोलही नसेल, तर निघू नका.

एकट्या येणाऱ्या एच-४ बायकोसाठी आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. तिचा दर्जा नवऱ्याच्या एच-१बीवर टांगलेला असतो. नवऱ्याने एच-१बी सोडून ईएडी कार्डावर (आय-४८५ प्रलंबित असताना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) काम सुरू केलं असेल तर तिचा एच-४ संपतो, मग पासपोर्टवरचा स्टॅम्प दिसायला कितीही ताजा असो. तेव्हा तिने स्वतःच्या नावाच्या परोलवरच परतायचं. नवऱ्याचा परोल तिला चालत नाही, तो ज्याचा त्याचा असतो. एच-४ वरच परतणार असेल तर नवऱ्याच्या आय-७९७ची प्रत, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, कंपनीचं पत्र आणि विवाह दाखला हातातल्या पिशवीत हवा. सामान मिळण्याआधीच इमिग्रेशनचं टेबल येतं, म्हणून बॅगेत टाकून भागत नाही.

अमेरिकेचा नियम इतर देशांना लावू नका, तिकडचा इकडेही लावू नका. ब्रिटनमध्ये मुदतवाढीचा किंवा कायम वास्तव्याचा अर्ज प्रलंबित असताना देश सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. कॅनडात देशांतर्गत प्रकारातली जोडीदाराची फाइल बाहेर पडल्याने आपोआप रद्द होत नाही. पण परत आत घेतलं नाही तर ती बुडते आणि त्या प्रकारात अपीलही नाही. दुबईला असलेल्यांनी लक्षात ठेवायचा आकडा १८० दिवसांचा: सलग त्याहून जास्त काळ बाहेर राहिलं की नेहमीचा निवासी व्हिसा बाद होतो.

“वेगळे राहिले की लग्न खोटं धरतात”

जोडीदाराच्या व्हिसाची सगळी पद्धतच एक इकडे, एक तिकडे हे गृहीत धरून उभी आहे. लग्न करताना दोघांचा संसार करायचा खरा हेतू होता का, हे अधिकारी तपासतो. व्हिसा नाही, नोकरी सोडता येत नाही, सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे, ही वेगळं राहायची साधी, मान्य होणारी कारणं आहेत. मात्र ती कागदावर दिसली पाहिजेत.

काय दाखवायचं? प्रत्येक भेटीचे बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के. दरमहा पाठवलेल्या पैशांच्या बँक नोंदी. व्हिडिओ कॉलच्या यादीतली दर दोन-तीन महिन्यांतली एकेक पानं. हजार पानांचं चॅट छापून देऊ नका, ते कुणी वाचत नाही. विम्यात, पीएफमध्ये, बँकेत जोडीदाराचं नाव वारस म्हणून. फोटो पंचवीस-तीस पुरेत, पण वेगवेगळ्या वर्षांचे आणि घरची माणसं सोबत असलेले. लग्नाच्या हॉलमधले दोनशे फोटो एकच दिवस सिद्ध करतात. नवी सून पहिल्या ओवशाला (गौरीपुढे सुपं ठेवायच्या विधीला) एकटी गावी आली, नवऱ्याला रजा मिळाली नाही, तर सासरच्या घरातला सुपं घेतलेला तिचा फोटो लग्नाच्या अल्बमपेक्षा जास्त बोलतो.

कोकणातल्या फायली खऱ्या अडतात त्या नावांपायी. लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची चाल आपल्याकडे अजून आहे: शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं, विवाह दाखल्यावर तिसरं. अर्जात ‘इतर नावे’ या रकान्यात सगळी नावं लिहा आणि ती सगळी माणसं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. लग्न देवळात झालं असलं तरी नोंदणीचा दाखला लागतो. गावात तो ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत मिळतो. जन्माची नोंदच नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, शिक्के आणि समासातल्या नोंदींसकट, आणि खाली भाषांतर अचूक आहे व आपल्याला दोन्ही भाषा येतात असं भाषांतरकाराचं सहीचं निवेदन. ही कामं गावी आल्यावरच होतात, म्हणून एकट्याने आलेल्याने पहिल्या दोन-तीन दिवसांतच ग्रामपंचायत उरकावी. गौरी आल्या की कार्यालयात माणूस भेटत नाही.

वेगळं राहणं खरोखर नडतं ते दोन ठिकाणी. नागरिकाशी लग्न झाल्याच्या आधारावर तीन वर्षांत नागरिकत्व मागायचं असेल तर ती तीन वर्षं एकत्र संसार दाखवावा लागतो. नाहीतर पाच वर्षांचा रस्ता आहेच. आणि दोन वर्षांचं सशर्त कार्ड असेल तर आय-७५१ हा अट काढून घ्यायचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांच्या सहीने जायला हवा. त्या तीन महिन्यांत एक जण मालवणात आणि एक टेक्सासमध्ये असेल तर सह्यांचे कागद आधीच कुरियर करा.

“परोल काढा, मग काही धोका नाही”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे.

परोलचा अर्ज म्हणजे आय-१३१. तो भरताना तुम्ही अमेरिकेत असायला हवं, आणि मंजुरी हातात येईपर्यंत तिथेच थांबायला हवं. पावती आली म्हणून विमानात बसलात तर परोलचा अर्ज गेला, आणि एच किंवा एलचा अपवाद तुम्हाला लागू नसेल तर पाठोपाठ आय-४८५ ही गेला. परोलवरची तारीख परतीच्या दिवशी चालू असावी लागते, निघायच्या दिवशी नव्हे.

परोल म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. आत घ्यायचं की नाही ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुतेकदा आतल्या खोलीत बसवून. पुढचं विमान पकडायला निदान चार तास ठेवा. देशाबाहेर काढण्याचा आदेश निघालेला असेल, अटकेची किंवा गुन्ह्याची नोंद असेल, तर परोल हातात असूनही निघायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांहून जास्त झालं असेल तर बाहेर पडल्यावर तीन वर्षांची, एक वर्ष किंवा जास्त झालं असेल तर दहा वर्षांची बंदी लागते. २०१२ च्या एका निकालापासून परोलवर केलेला प्रवास दहा वर्षांच्या बंदीसाठी ‘बाहेर पडणं’ धरत नाहीत, पण ही रेघ बारीक आहे. तिच्यावर स्वतःच्या हिशेबाने चालू नका.

तुम्ही गावी असताना टपाल तिकडेच येत राहतं. बोटांचे ठसे द्यायची तारीख चुकली आणि बदलून घेतली नाही तर अर्ज सोडला असं धरू शकतात. कागद मागणाऱ्या पत्राला उत्तर द्यायला सहसा ८४ दिवसांपर्यंत मुदत असते, आणि ती पत्रावरच्या तारखेपासून मोजायची, तुम्ही पाकीट उघडल्यापासून नव्हे. मागे राहिलेल्या जोडीदाराचं खरं काम हे: रोज पेटी उघडायची, प्रत्येक पानाचा फोटो त्याच दिवशी पाठवायचा. दरम्यान घर बदललं तर दहा दिवसांत पत्ता कळवायचा.

घरी कुणी अत्यवस्थ असेल तर तातडीचा परोल मागता येतो. यूएससीआयएसला (हे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याला) फोन करून जवळच्या कार्यालयाची भेट मिळवायची, भरलेला आय-१३१, शुल्क, फोटो आणि पुरावा घेऊन जायचं. पुरावा म्हणजे रुग्णालयाचं लेटरहेडवरचं इंग्रजी पत्र: रुग्णाचं नाव, तुमच्याशी नातं, निदान, प्रकृती गंभीर असल्याचा स्पष्ट उल्लेख, डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. ‘तब्येत बरी नाही’ एवढ्यावर काही होत नाही. हे पत्र गावाकडच्या भावंडाने त्याच दिवशी मिळवून पाठवायला हवं.

“वर्षातून एकदा तोंड दाखवलं की पुरे”

नाही. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात की परतताना नव्याने प्रवेश मागणारा म्हणून तपासतात. सहा महिन्यांहून मोठ्या गैरहजेरीने नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य तुटल्याचं गृहीत धरतात. एक वर्ष किंवा जास्त झालं तर नुसत्या कार्डावर परतता येत नाही. लांब राहायचं असेल तर रीएंट्री परमिट, म्हणजे परत आत यायचा परवाना, घ्या. तेही आय-१३१ वरच, अर्ज आणि ठसे दोन्ही अमेरिकेत असताना, सहसा दोन वर्षांसाठी.

यात नवरा-बायकोंसाठी एक उलटा फास आहे. बायकोचा व्हिसा येईपर्यंत तिच्यासोबत गावीच राहतो, असं म्हणून ग्रीनकार्डवाला नवरा वर्ष-दीड वर्ष वेंगुर्ल्याला थांबतो. त्याचं कार्ड गेलं तर त्याच्या आधारावर उभी असलेली बायकोची फाइलही कोसळते. कार्ड वाचलं तरी खर्चाची हमी देणारा आय-८६४ भरायला त्याचं घर अमेरिकेत असावं लागतं. फाइल लवकर व्हावी असं वाटत असेल तर त्याने तिकडे राहून तीन-तीन आठवड्यांच्या फेऱ्या मारलेल्या बऱ्या.

“टुरिस्ट व्हिसावर न्या, तिकडे फाइल टाका”

हे करू नका. राहायचा हेतू लपवून पर्यटक म्हणून शिरणं ही दिशाभूल ठरते आणि त्यासाठी कायमची बंदी आहे. डीएस-१६० या टुरिस्ट व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात तुमच्यासाठी कुणी इमिग्रेशनचा अर्ज केला आहे का, असा थेट प्रश्न असतो; आय-१३० असेल तर उत्तर ‘हो’. तरीही भेटीपुरता व्हिसा मिळणं अवघड असलं तरी अशक्य नाही. मिळाला तर तीन आठवडे राहून, आय-९४ वरच्या (प्रवेशाच्या नोंदीत दिलेल्या राहायच्या शेवटच्या) तारखेच्या बऱ्याच आधी एकटीने गावी परत यावं.

आणि व्हिसा लागल्यावर तिला न्यायला नवऱ्याने यायलाच हवं असंही नाही. इमिग्रंट व्हिसावर ती एकटी जाऊ शकते. स्टॅम्पची मुदत वैद्यकीय तपासणीवर ठरते, फार तर सहा महिने. कार्डाचं २३५ डॉलर शुल्क निघण्याआधी ऑनलाइन भरावं, ते भरल्याशिवाय कार्ड पाठवत नाहीत. तोवर शिक्का मारलेला व्हिसाच एक वर्ष ग्रीनकार्डाचं काम करतो. वकिलातीने व्हिसासोबत बंद पाकीट दिलं असेल तर ते उघडायचं नाही. उतरण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली असतील आणि व्हिसावर सीआर-१ (सशर्त कार्डाचा प्रकार) लिहिलं असेल, तर अधिकाऱ्याला विवाह दाखला दाखवून आयआर-१ (बिनशर्त कार्डाचा प्रकार) म्हणून नोंद करायला सांगायचं. एवढं एक वाक्य आय-७५१ ची पुढची सगळी खटपट वाचवतं.

राहिला गावापासून विमानापर्यंतचा रस्ता. परोल किंवा स्टॅम्प संपायला आठवडा उरलेला असताना भर पावसात परतीचं तिकीट काढू नका. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ दरड येऊन कोकण रेल्वे सुमारे एक दिवस बंद होती, आणि विसर्जनानंतर महामार्गाचे हाल वेगळे सांगायला नकोत. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि गणपतीनंतर मुंबईला परतायच्या गाड्या पाहता पाहता भरतात. विमान मुंबईहून असेल तर दोन रात्री आधी गाव सोडा. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्यांनी गोव्याच्या मोपा विमानतळावरून मुंबई किंवा दिल्ली गाठायचा पर्यायही बघावा, पण दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तरच, म्हणजे पहिलं रखडलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते.