प्रश्न विचारणे म्हणजे आकलन शिकवणे नव्हे

धडा वाचून संपला की आपण फळ्यावर पाच प्रश्न लिहितो, मुले धड्यातली नेमकी ओळ हुडकून वहीत उतरवतात, आणि उत्तरे बरोबर आली म्हणजे धडा समजला असे धरून आपण पुढे जातो. मीही कित्येक वर्षे असेच शिकवले. आता एक वाक्य पाहा : ‘झिंपू गडफळीवर तुरपत होता.’ झिंपू कुठे तुरपत होता? गडफळीवर. काय करत होता? तुरपत होता. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यावे लागतील, आणि त्या वाक्याचा अर्थ मात्र विद्यार्थ्याला कळलेला नाही, मलाही नाही, कारण त्याला अर्थच नाही.

प्रश्नोत्तरांनी फार तर आकलनाची परीक्षा होते. ते घडते कसे, हे त्यातून कोणी शिकत नाही. अमेरिकेत डोलोरेस डर्किन यांनी 1970 च्या दशकात चौथीच्या वर्गांतील वाचनाच्या तासांची 4,469 मिनिटे प्रत्यक्ष बसून पाहिली, तेव्हा आकलन कसे साधावे हे शिकवण्यात त्यांपैकी जेमतेम 20 मिनिटे गेलेली आढळली. उरलेल्या वेळात प्रश्न विचारणे भरपूर होते. हा आकडा जुना असला, तरी माझ्या स्वतःच्या तासाचा हिशेब मांडायला बसलो तेव्हा तो मला परका वाटला नाही.

माझ्या मते सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत साधा आहे : शिक्षकाने वाचताना स्वतःच्या मनात चाललेला विचार मोठ्याने बोलून दाखवावा. समजा, वाक्य असे आहे : ‘बाबांनी खिडकीतून बाहेर पाहिले आणि हातातली छत्री पुन्हा कोपऱ्यात ठेवली.’ इथे थांबून मी म्हणतो, ‘पाऊस थांबला असावा, पण ते वाक्यात कुठेच लिहिलेले नाही, मग मला असे का वाटले? छत्री परत ठेवली म्हणून. मात्र असेही असेल की पाऊस इतका वाढला की त्यांनी जाणेच रद्द केले. पुढचे वाक्य वाचून ठरवू.’ चांगला वाचक हे सारे क्षणार्धात करतो, आणि ते दिसत नसल्यामुळे अडखळणाऱ्या मुलाला वाटते की इतरांना अर्थ आपोआप कळतो, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

अ‍ॅनमेरी पॅलिन्क्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी 1984 मध्ये मांडलेली परस्पर-अध्यापनाची पद्धत याच्या पुढचे पाऊल आहे. पुढे काय येईल याचा अंदाज, स्वतः प्रश्न तयार करणे, अडलेले स्पष्ट करून घेणे आणि सारांश सांगणे ही चार कामे आधी शिक्षक करून दाखवतो आणि मग गटाची सूत्रे आळीपाळीने मुलांच्या हाती जातात. (दुर्दैवाने अनेक ठिकाणी या चार कामांचा तक्ता भिंतीवर लागतो, पण सूत्रे शिक्षकाच्याच हातात राहतात.)

मात्र केवळ युक्त्यांवर विसंबणेही चूकच आहे. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या 1988 च्या प्रयोगात बेसबॉलवरील उतारा वाचायला दिला, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळाविषयी फारसे न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. उताऱ्याचा विषयच ज्याला अनोळखी आहे, तो सारांश कशाचा सांगणार? म्हणून एका आठवड्यात पाच विषयांवरचे पाच सुटे उतारे सोडवून घेण्यापेक्षा एकाच विषयावरचे पाच उतारे वाचून घेणे मला अधिक मोलाचे वाटते : पहिल्या उताऱ्यात अडलेले शब्द तिसऱ्यात ओळखीचे होऊन भेटतात, आणि पाचव्यापर्यंत मुले लेखकाशी वाद घालू लागतात. अक्षरओळख आणि ओघ यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. शब्द जुळवण्यातच सारी शक्ती खर्च होत असेल, तर अर्थासाठी काही उरत नाही.

अलीकडे मी वर्गात ‘समजले का?’ हा प्रश्न टाळतो, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी ‘कुठे अडलात?’ असे विचारतो आणि ती जागा पेन्सिलीने खूण करून दाखवायला सांगतो. पहिले काही दिवस पाने कोरी राहतात. मग कोणीतरी एका ‘त्याने’खाली रेघ ओढून विचारते, ‘सर, हा ‘तो’ नक्की कोणता?’, आणि अर्ध्या वर्गाच्या लक्षात येते की त्यांनीही तो दुसराच कोणीतरी धरला होता.