गंजाला ऑफ सीझन नसतो

ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची बंदूक बाळगणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात, आवाज केवढा होतो आणि नेम लागतो का. बंदूक उडवायचा हंगाम संपल्यावर उरलेले महिने तिचं काय करता हे कुणी म्हणजे कुणी विचारत नाही, आणि खरी रामकहाणी तर तिथेच आहे. हंगामात बंदूक आपली असते, बाकीचे महिने ती गंजाची, आपण फक्त मधून मधून जाऊन त्याला हातापाया पडायचं.

काडतुसाच्या बंदुकावाले मित्र तेलाचा एक हात फिरवतात, कपाट बंद करतात आणि विसरून जातात. सुखी जीव. आमची पडली काळी दारू, म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक, आणि ही बया जळाली तरी पूर्ण जात नाही, वजनाने निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, त्याचे पोटॅशियमचे क्षार होतात, त्यातले थोडे धुरातून उडतात आणि उरलेले नळीला आतून चिकटून बसतात. बसतात तर बसू दे म्हणावं, पण ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि तो पोलादाला नेऊन पाजतात. दारूला पर्याय म्हणून मिळणाऱ्या पावडरींत काहींमध्ये पोटॅशियम परक्लोरेट असतं, त्याचं जळून क्लोराइड होतं, आणि क्लोराइड म्हणजे तर मिठाचाच भाऊबंद, गंजाचा सख्खा मित्र.

यावर उतारा काय तर पाणी! लोखंडाची वस्तू गंजू नये म्हणून तिला पाण्याने आंघोळ घालायची, हे घरच्यांना पटवून दाखवा बघू. पण क्षार पाण्यातच विरघळतात, तेलात नाही. वरून नुसतं पेट्रोलियमचं तेल ओतलं तर त्या काजळीचं आणि तेलाचं मिळून काळं चिकट डांबर होतं आणि गंज त्याच्या आडोशाला निवांत काम करतो.

त्याआधी बंदूक रिकामी आहे ना ते बघायचं. गज नळीत सोडायचा, नळी रिकामी असताना तो कुठपर्यंत जातो त्याची खूण गजावर केलेली असते, ती तोंडाशी जुळली पाहिजे. मीच रिकामी करून ठेवली हे स्वतःला शपथेवर सांगत असलो तरी बघायचं. ठासणीच्या बंदुका वर्षानुवर्षं भरलेल्या राहतात आणि बाहेरून त्यांच्या तोंडावरची माशी हलत नाही, त्यामुळे इथे विनोद नाही.

मग बादली. नळी लाकडी दस्त्यातून सोडवून मागचं टोक साबणाच्या पाण्यात बुडवायचं, गजाला घट्ट चिंधी लावून वरखाली करायची, म्हणजे निपलच्या, ज्यावर ठिणगी देणारी टोपी बसते त्या बोंडाच्या, छिद्रातून पाणी आत ओढलं जातं आणि परत बाहेर फेकलं जातं. पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं, मग राखाडी, मग गढूळ. आणि त्याबरोबर येतो तो वास. जळलेल्या दारूतल्या सल्फाइडला पाणी लागलं की सडक्या अंड्यांचा जो काही घमघमाट सुटतो तो बाथरूमच्या दाराला, एक्झॉस्ट फॅनला, कशालाच जुमानत नाही.

"अहो, आत काय मेलंय का?"

"अगं बंदूक धुतोय."

"मग मेलेलं तरी बरं होतं."

यापुढे ठासणीवाल्यांमध्ये दोन पंथ आहेत, उकळता आणि कोमट. उकळता पंथ म्हणतो की पाणी एवढं कढत हवं की नळी हातात धरवत नाही, मग ती आपल्या आपण वाळते. कोमट पंथ म्हणतो वाळते खरी, पण तापलेलं ओलं उघडं पोलाद डोळ्यांदेखत लालसर होतं, तुम्ही टॉवेल शोधेपर्यंत. दोघंही खरं बोलतात ही त्यातली गंमत, आणि दोघांना एका खोलीत ठेवू नये ही सूचना. मी कोमट पंथाचा, पण त्यामागे काही शास्त्रबिस्त्र नाही, गीझर चालू केला की घरात चौकशी सुरू होते एवढंच.

चिंध्या पांढऱ्या येईपर्यंत कोरडं पुसायचं, तेल द्यायचं, आणि इथे नवखा माणूस हात झटकून चहा प्यायला जातो. दुसऱ्या दिवशी परत चिंधी घालायची असते हो. काल पांढरीशुभ्र आलेली चिंधी आज मधोमध तपकिरी डाग घेऊन येते, आणि तो डाग बघून पोटात जे होतं ते परीक्षेच्या निकालाला व्हायचं. ती जागा बहुतेक ठरलेली असते, नळीचं अगदी मागचं टोक. कित्येक बंदुकांत तिथे दारूची कोठी नळीपेक्षा अरुंद असते, मोठी चिंधी वरच्या कडेवर अडते, तिला वाटतं तळ आला, तुम्हालाही वाटतं तळ आला, आणि खरा तळ खाली अंधारात गंजाला भाड्याने दिलेला असतो. त्याला वेगळा बारीक ब्रश लागतो. बारीकसा एलईडी दिवा दोऱ्याला बांधून आत सोडला तर सगळं दिसतं, न सोडला तर झोप चांगली लागते.

तेल देऊन तोंड वर करून उभी ठेवली तर तेल ओघळून मागे जमतं, निपलच्या वाटेत साचतं आणि दस्त्याच्या लाकडात मुरून त्याला मऊ करतं. म्हणून तोंड खाली, खाली एक जुनं फडकं. फोमच्या पेटीत किंवा कातडी म्यानात ठेवायची तर मुळीच नाही, दिसतात राजेशाही पण दोन्ही ओलावा धरतात. पाणी हटवणारे स्प्रे पाणी हटवायला झकास, पण महिनोन्महिने राखण करायला जाड थर टिकेल असं गंजरोधक तेलच हवं. बाहेरून मेण लावतो. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात जुन्या वस्तूंसाठी एक मेण तयार झालं होतं, ते लावताना आपणही घरात म्युझियम चालवतोय असं वाटून छाती फुगते. कपाटात सिलिका जेल, नारंगी दाणे ओलावा पिऊन हिरवे झाले की तापवून परत नारंगी करायचे.

एवढा बंदोबस्त केल्यावर मेहुणा येतो. "दाजी, बघू बघू" म्हणत थेट नळीला हात घालतो, नेम धरून बघतो, परत देतो आणि जेवायला बसतो. घामातलं मीठ मात्र नळीवर राहतं. काही दिवसांनी तिथे पाच बोटांचा गंजलेला ठसा उमटतो, इतका स्वच्छ की पोलिसांना पुराव्याला चालावा. आता मी त्याच्यासाठी सुती हातमोजे ठेवलेत. त्याला तो अपमान वाटतो, वाटू दे.

वरवरचा लाल गंज तेल आणि अगदी बारीक, शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरच्या स्टील वूलने हळू चोळला की निघतो. सॅंडपेपरवाल्यांनी कृपया बंदुकीपासून लांब उभं राहावं. पण खड्डा पडला असेल तर तो चोळून जात नाही, भोवतालचं पोलाद त्याच्या पातळीला उतरवावं लागतं, आणि एवढ्या हौसेने घासत राहिलं तर शेवटी खड्डा जाईल आणि नळीही. इंग्रज शिपाई मस्केट विटेच्या भुकटीने घासून चकचकीत ठेवायचे म्हणे, त्या नळ्यांची मला फार दया येते.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे जुन्या नळ्यांचा तो देखणा तपकिरी रंग, ज्याला बघून लोक वा वा करतात, तो गंजच आहे! मुद्दाम औषध लावून, दमट पेटीत ठेवून चढवलेला, खरवडून परत चढवलेला. तोच लाल गंज उकळत्या पाण्यात घातला तर काळा होतो आणि त्यालाही फिनिश म्हणतात. म्हणजे बोलावून आणला तर पाहुणा आणि आपल्या पायाने आला तर चोर. हे काम करणारे लोक गंज नीट येत नाही म्हणून तक्रार करतात, त्यांना माझ्याकडे पाठवा.

हंगाम तोंडावर आला की महिनोन्महिने पाजलेलं तेल थेंब न थेंब काढायचं, नाहीतर केप, म्हणजे निपलवरची ती ठिणगीची टोपी, फुटते, आग तेलात विझते आणि बंदूक नुसती ठक् म्हणते. कोरड्या चिंध्या घालायच्या, निपलमध्ये थोडं अल्कोहोल, आणि मग बंदूक रिकामी असल्याची परत खात्री करून, सुरक्षित दिशेला, नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ नेऊन नुसती केप फोडायची. पातं हललं तर वाट मोकळी.

मी हे करत असताना मेहुणा मागे उभा होता, हातमोज्यांचा राग धरून.

"दाजी, वर्षभर तेल पाजलं आणि शेवटी गवतावर नेम?"

"हललं ना पातं?"

"हललं, पण पडलं नाही."