वाचलं सगळ्यांनी, बोललं कोणीच नाही

इथे ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉकवर खातं ठेवता येत नाही. तेव्हापासून मायदेशी फोन लावला की हा विषय निघतोच. "आपल्याकडेही हेच करायला हवं," असं काहींचं म्हणणं. "मुलंच नाजूक झालीत, दोन लाइक कमी पडले की तोंड पाडून बसतात," असं बाकीच्यांचं. दुखणं फक्त मुलांचं आहे, यावर मात्र दोघांचं एकमत! व्हॉट्सअॅप या बंदीत नाही, आणि आम्हा पन्नाशीतल्यांचं रुसणंफुगणं चालतं ते तिथेच.

ग्रुपवर फोटो टाकायचा. थोड्या वेळाने त्यावर बोट दाबून धरायचं आणि कोणी कोणी पाहिला त्या नावांची यादी उघडायची. पाहिला सगळ्यांनी, बोललं कोणीच नाही. लांब राहणाऱ्याला ही यादी जरा जास्तच झोंबते, कारण 'आपण तिथे नाही म्हणून विसरले' हा संशय मनात आधीपासूनच दबा धरून असतो. खरं कारण पुष्कळदा घड्याळात सापडतं. इथल्या उन्हाळ्यात मेलबर्नहून सकाळी नऊला टाकलेला फोटो भारतात पहाटे साडेतीनला पोहोचतो. लोक तो बघेपर्यंत त्यावर बाकीच्या मेसेजेसचा ढीग पडलेला असतो. फेसबुकवर तर कोणाला काय दाखवायचं हे यंत्रच ठरवतं. ज्यांच्यावर आपण रुसून बसतो, त्यातल्या कित्येकांपर्यंत ते गेलेलंही नसतं.

हे कळलं तरी टोचायचं ते टोचतंच. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाचा चेंडूफेकीचा खेळ प्रसिद्ध आहे: स्क्रीनवर तिघं खेळत असतात आणि हळूहळू दोघं तुमच्याकडे चेंडू टाकणं बंद करतात. पलीकडे माणसं नाहीत, कॉम्प्युटर आहे, असं आधी सांगूनही लोकांना वाईट वाटलंच. हा निष्कर्ष २००४ चा. म्हणून 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं' हा घरचा सल्ला मला कुचकामी वाटतो. 'अॅपच काढून टाक' हा तर त्याहून. आमचं अर्धं घर त्या अॅपमध्येच आहे.

आकडे झाकूनही फारसं साधत नाही. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये इथे लाइक लपवून पाहिले, पण आपल्या पोस्टचा आकडा ज्याचा त्याला दिसतच होता. व्हॉट्सअॅपच्या निळ्या खुणा बंद करता येतात. ग्रुपमध्ये त्या तरीही उमटतात.

मला उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. उत्तर हवंच असेल तर मी ग्रुपवर काही टाकत नाही. एकालाच लिहायचं, आणि त्यात प्रश्न असला पाहिजे. नुसत्या फोटोवर काय बोलावं हे लोकांना सुचत नाही, "काकांचा गुडघा कसा आहे?" म्हटलं की एरवी अंगठाही न दाखवणारा चुलतभाऊ सरळ फोन करतो आणि अर्धा तास सोडत नाही.