कर्सर थांबला तरी आकडा पळाला पाहिजे

तुमची फाइल तुमच्याच डिस्कवर आहे, जेमतेम ४० केबीची आहे आणि ती सेव्ह करायला इंटरनेट काडीचंही लागत नाही. म्हणूनच तर मजकूर किंवा कोड लिहायच्या एडिटरच्या स्टेटस बारमध्ये, म्हणजे तळाच्या पट्टीत, नेटचा वेग दिसायलाच हवा. गरजेचं काय, कुणीही बघतं.

आधी त्या पट्टीकडे जरा नीट बघा. फाइलचं नाव, ओळ, कॉलम, यूटीएफ-८ हे अक्षरांचं एन्कोडिंग, कोपऱ्यात गिटची, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाची, ब्रँच. सगळी माहिती हातातल्या कामाचीच! इतकं कामसू असणं बरं नव्हे. ईमॅक्स हा जुना एडिटर वापरणाऱ्यांकडे बघा. त्यांच्या मोडलाइनमध्ये, म्हणजे तिथल्या स्टेटस बारमध्ये, घड्याळ लावता येतं, सिस्टिमवरचा लोड दिसतो, नवी मेल आल्याची खूण दिसते, बॅटरी किती उरली तेही. ज्या एडिटरात टेट्रिस आहे आणि मन मोकळं करायला गप्पा मारणारा 'डॉक्टर' नावाचा प्रोग्रॅमही आहे, तिथे नेटच्या वेगालाच तेवढं सोवळं कशाला?

तयार प्लगइन शोधू नका. ते पाच मिनिटांत बसतं आणि मग लिहायला बसावं लागतं. स्वतःच करा. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या सिस्टिमचा गाभा, प्रॉक-नेट-डेव्ह नावाच्या फाइलीत वायफाय, केबल अशा प्रत्येक इंटरफेसवर किती बाइट आले आणि किती गेले याची चढती बेरीज दाखवतो. वेग दाखवत नाही. तो आपला आपणच काढायचा. एकदा आकडा वाचा, सेकंदभराने पुन्हा वाचा, वजाबाकी करा. झालं. अर्ध्या तासाचं काम. खरी मजा पुढच्या तीन दिवसांत आहे.

सरसकट सगळे इंटरफेस मोजले की लूपबॅकही मोजला जातो, म्हणजे मशीनने स्वतःशीच मारलेल्या गप्पा. राहू द्या, आकडा भरदार दिसतो. व्हीपीएन, म्हणजे मजकूर झाकून नेणारा बोगदा, चालू असेल तर तोच मजकूर दोनदा मोजला जातो, एकदा बोगद्यात आणि एकदा वायफायवर. बिल न वाढता वेग दुप्पट! आणि ती चढती बेरीज ठेवणारा काउंटर ३२ बिटांचा असेल तर ४,२९,४९,६७,२९६ बाइटांनंतर तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. त्या सेकंदाला तुमचा वेग चक्क उणे येईल. घाबरू नका, स्क्रीनशॉट काढा.

मग एककाचा प्रश्न. कनेक्शन विकलं जातं बिटांत, फाइल उतरते बाइटांत, मध्ये आठाचा भागाकार. १०० मेगाबिटच्या लाइनवर फार तर साडेबारा मेगाबाइट दिसणार, त्यामुळे मान ताठ ठेवायची असेल तर बिटच दाखवा. इंग्रजीत निदान लहान-मोठ्या 'बी'वरून फरक कळतो. देवनागरीत तीही सोय नाही, म्हणजे हवं ते समजायला आपण मोकळे. किलो म्हणजे १००० की १०२४, यावर एक अख्खी दुपार सहज निघते. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९८ मध्ये १०२४ च्या हिशेबासाठी किबी, मेबी अशी वेगळी नावं काढून हा वाद मिटवला होता. तुम्ही तो पुन्हा उकरून काढू शकता.

आता आकडा दिसायला लागला. ९.८ केबी. १०.२ केबी. १.३ एमबी. दर सेकंदाला एखादं अक्षर वाढतं नाहीतर कमी होतं आणि शेजारचा ओळ क्रमांक बेडकासारखा इकडून तिकडे उडी मारतो. वाक्य सुचत असतं, डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हलतं, तुम्ही खाली बघता, वाक्य जातं. ठरावीक रुंदी देऊन हे थांबवता येतं, पण मग खाली बघायला निमित्त काय उरलं? त्याहून खास उपाय हवा असेल तर आकडा काढायला दर सेकंदाला बाहेरची कमांड चालवा आणि एडिटरला तिच्या उत्तराची वाट बघत बसवा. ईमॅक्समध्ये हे विशेष रंगतं. कमांड अडली की टायपिंगही अडतं आणि तुम्ही म्हणता, आज नेट स्लो आहे.

मधेच कधीतरी शून्य दिसेल. हा आकडा नेट किती धावू शकतं ते सांगत नाही, आत्ता किती धावतंय तेवढंच सांगतो. कुणी काही मागितलं नाही तर शून्यच येणार. हे माहीत असूनही उठून राउटरचे दिवे बघून या. परत आल्यावर मागे एखादं भलंमोठं डाउनलोड लावून द्या, म्हणजे पट्टी निरोगी दिसेल. दूरच्या सर्व्हरवरची फाइल एसएसएचवरून, म्हणजे नेटवरच्या सुरक्षित जोडणीतून, उघडली असेल तर एकेक अक्षर अडखळत उमटेल, पण पट्टीवर जेमतेम २ केबी दिसतील. कारण तिथे अडतं ते अक्षराच्या जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेशी, आणि तो आपण मोजतच नाही. मोजू नकाच, उगाच काहीतरी उपयोगाचं कळायचं.

कुणी हसलंच तर बिल जॉय यांचा दाखला द्या. त्यांनी १९७६ च्या सुमारास व्हीआय हा एडिटर लिहिला तो ३०० बॉडच्या मोडेमवर. सेकंदाला सुमारे ३० अक्षरं. २४ ओळी, प्रत्येकी ८० अक्षरं, असा पूर्ण पडदा नव्याने रंगवायला मिनिटाहून जास्त वेळ. नेटचा वेग त्यांना डोळ्यांसमोर, अक्षरागणिक दिसत होता. त्यांनी त्यावर कमीत कमी अक्षरं पाठवणारा एडिटर केला, हा तपशील मात्र गाळा.

आमच्या पट्टीवर आता येणारा वेग, जाणारा वेग, दिवसाची बेरीज आणि एक बाण आहे. जागा पुरेना म्हणून ओळ क्रमांक काढून टाकला. आत्ताच कंपायलर म्हणाला, २१२ व्या ओळीत चूक आहे. वरून मोजत आलोय, १४० झाल्या. मधे एकदा खाली बघितलं, आता परत पहिल्यापासून.