तबला, नवरा आणि हातोडी

आत्ता साडेबारा वाजता कोजागिरीच्या कार्यक्रमाहून घरी आलोय आणि झोप येत नाहीये. आज भर स्टेजवर माझी फजिती झाली. करणारी व्यक्ती चौथीत शिकते.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, मी भावगीतांच्या कार्यक्रमांचं निवेदन करतो. नोकरी सांभाळून, हौसेपोटी. दोन गाण्यांच्या मध्ये तबलजी तबला लावायला लागला की माझं एक ठरलेलं वाक्य असतं. "मंडळी, तबला आणि नवरा, दोन्ही सुरात यायचे असतील तर..." इथे मी थांबतो. चष्मा जरा खाली घेतो, तबलजीकडे बघतो, आणि मग, "...हातोडी लागते!" बायका हसतात, नवरे त्याहून जोरात हसतात. २०१४ पासून हे असंच चाललंय.

आज मी थांबलो, चष्मा खाली घेतला, आणि पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "हातोडी लागते!" हातात मसाला दुधाचा कागदी ग्लास, ओठांवर दुधाची मिशी, आणि चेहऱ्यावर गणित सुटल्याचा आनंद. माझ्या आख्ख्या कारकिर्दीत पडला नसेल एवढा हशा पडला. नंतर तिची आजी भेटून म्हणाली, "अहो, दरवर्षी येतो ना आम्ही. पाठ झालंय तिला."

म्हणजे माझा विनोद त्या पोरीपेक्षा वयाने मोठा आहे!

आधी तिचाच राग आला, खोटं कशाला बोलू. मग आयोजकांचा आला. खरं तर अजून उतरला नाहीये. दरवर्षी यांचा एकच फोन, "सर, तेच ठेवा हं, लोकांना तेच आवडतं." तीच गाणी, तोच क्रम, शेवटी तीच भैरवी, आणि मधे मी. दोन वर्षांपूर्वी म्हटलं होतं, यंदा पाऊस या एकाच विषयावर कार्यक्रम बांधू. तर म्हणे, "प्रयोग नको, देणगीदार नाराज होतात." अरे, दुधात जायफळ घालायचं की वेलची यावर तुमच्या तीन मीटिंग होतात आणि गाण्याच्या बाबतीत 'तेच ठेवा'!

मान्य, फर्माईश करणाऱ्याला ओळखीचंच ऐकायचं असतं. हरिपाठ रोज तोच असतो आणि कुणी तक्रार करत नाही, हेही मान्य. पण मी हरिपाठ म्हणत नाहीये, नवऱ्यावर शिळे जोक मारतोय.

घरी येऊन माझी निळी फाइल उघडली. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली पानं, कडा पिवळ्या पडलेल्या. तिसऱ्या पानावर नोटाबंदीवरचा विनोद आहे. नोटाबंदी २०१६ ची! तो मी मागच्या वर्षीही मारला होता. आयोजकांनी नाही सांगितला, मीच मारला. टाळी आली म्हणून परत मारला.

आणि याच फाइलमधून मी दरवर्षी कुमारजींबद्दल, म्हणजे गायक कुमार गंधर्वांबद्दल, चार मिनिटं भरभरून बोलतो, हे विशेष. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब तसंच गाणारा मुलगा. लोक तोंडात बोटं घालायचे. त्या टाळ्यांवर जन्म काढता आला असता. मग देवधर मास्तरांकडे शिक्षण, नाव झालं, आणि ऐन पंचविशीच्या आत क्षयाने गाठलं. देवासला अंथरुणावर वर्षंच्या वर्षं गाणं बंद. तिथे पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकली, त्या धुनांत राग सापडले. उठले ते एक फुप्फुस जवळजवळ निकामी घेऊन, आणि गायले ते पूर्वीचं गाणं नव्हतंच. पुढे बालगंधर्वांची पदं घेतली तेव्हा कार्यक्रमाचं नाव काय ठेवलं? 'मला उमजलेले बालगंधर्व'. उमजलेले! जो पोरवयात हुबेहूब नक्कल करू शकत होता, तो हा शब्द निवडतो. हे मी माईकवर किती वेळा बोललो असेन, आणि पुढच्याच मिनिटाला हातोडी.

तुम्ही म्हणाल, कुठे कुमारजी आणि कुठे तू. बरोबर आहे. मग दादा कोंडके घ्या. 'विच्छा माझी पुरी करा'ची संहिता वसंत सबनिसांची, पण प्रयोगात दादा ताजे टोमणे घालायचे. कालचा पेपर आज वगात. त्या लिखाणात मुळात काय कमी हशे होते? मला मात्र बारा महिन्यांत एक नवीन वाक्य सुचत नाही. सुचत नाही म्हणजे, शोधतच नाही. कशाला शोधा, पाकीट तर मिळतंच.

त्या पोरीवरचा राग गेला एव्हाना. उलट, एवढं लक्ष देऊन मला दुसरं कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

शनिवारी परत कार्यक्रम आहे. हातोडी काढून टाकली, नोटाबंदीचं पान फाडलं. आता तबला लागेपर्यंतची दोन मिनिटं भरायची कशी, म्हणून मघाशी तबलजीला फोन लावला. म्हटलं, "शनिवारी जरा पटकन लाव रे, माझ्याकडे बोलायला काही नाहीये."

तो जांभई देत म्हणाला, "दादा, तबला लागलेलाच असतो. तुझा जोक संपेपर्यंत मी नुसता ठोकत बसतो."